ठाण्याला नेणे

बी.ए.च्या वर्गात जयवंत दळवींचे ‘बॅरिस्टर’ शिकवीत असतानाचा प्रसंग आहे. घराण्यातील वेडाचे सावट, ते आपल्यावरही पडणार ही धास्ती, आणि त्या धास्तीखाली हळूहळू खचत जाणारा एक सुसंस्कृत माणूस, असे विवेचन चालले होते. मागच्या बाकावरून मुरबाडकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, ह्यांना कोणी ठाण्याला का नाही नेलं?” वर्ग हसला. विचारणारा मात्र हसला नाही.

तास संपल्यावर तो थांबला. टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याच्या एका गावी त्याची आत्या राहत होती. ती रात्र रात्र झोपत नसे. आपल्या भाकरीत कोणीतरी काहीतरी कालवते असे म्हणे. एकटीच बसून कोणाशी तरी बोले. एकाने सांगितले, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. दुसऱ्याने मानसशास्त्रज्ञाचे नाव काढले. शाळेतल्या बाईंनी समुपदेशक सुचवला. आणि चुलत्यांनी तोवर भगत आणला होता. “सर, ही चार माणसं का एकच?” असा त्याचा प्रश्न होता. शब्दांतील भेद मराठीच्या मास्तरांनी सांगायचा नाही तर कोणी? परंतु त्या दिवशी आम्हांस तो नीट सांगता आला नाही. पुढे जे वाचले, जे विचारून घेतले, त्यातून जे हाती आले ते येथे मांडत आहोत. प्रश्न वरवर शब्दकोशाचा वाटतो; त्याचे उत्तर मात्र इतिहासात आहे, आणि त्यातही बऱ्याच अंशी ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात.

‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुण्याकडे तेच काम ‘येरवडा’ करतो. दोन्ही गावी कारागृहही आहे, परंतु थट्टेत ते कोणाच्या मनात नसते. मुंबईकराच्या तोंडी ही थट्टा निर्विष असेल. शहापूर-मुरबाडच्या माणसाला ती तशी असू शकत नाही, कारण ठाणे हे त्याच्या जिल्ह्याचे ठिकाण आहे. कलेक्टर कचेरी ठाण्याला, जिल्हा परिषद ठाण्याला, जिल्हा न्यायालय ठाण्याला. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला तेव्हा जव्हार-मोखाडा सुटले. शहापूर आणि मुरबाड ठाण्यातच राहिले. जमिनीच्या अपिलासाठी माणूस ठाण्याला जातो आणि ‘ठाण्याला गेला’ असे सांगतो तेव्हा स्वर सपाट असतो. तोच शब्द जरा आवाज खाली आणून उच्चारला की घरातल्या मुलीचे लग्न अडते. एकाच नामाचे दोन अर्थ केवळ सुरावरून वेगळे होण्याचे हे उदाहरण भाषाविज्ञानाच्या तासाला उपयोगी पडावे. पण त्या दुसऱ्या सुराने किती माणसे उपचाराविना घरात राहिली असतील, याचा हिशेब कोणत्याही विज्ञानात नाही.

हा दुसरा सूर आला तो १९०१ नंतर. त्या वर्षी ठाण्यास नरोत्तम माधवदास या दात्याच्या नावाने वेड्यांचे इस्पितळ उभे राहिले. त्याआधी मुंबई इलाख्यात कुलाब्याचे आश्रयस्थान होते. रत्नागिरीचे १८८६ चे, नागपूरचे त्याहून जुने, १८६४ चे. आज ज्यांना आपण प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणतो त्या चार संस्था, म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, या सर्व इंग्रजी अमदानीच्या. इंग्रजीत त्यांना ‘असायलम’ म्हणत. आश्रय हा त्या शब्दाचा अर्थ खरा, पण त्यामागे उभा असलेला कायदा आश्रयाचा नव्हता.

१९१२ चा ‘इंडियन लुनसी ॲक्ट’ पाहावा. त्यापूर्वी १८५८ चे कायदे होतेच. १९१२ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली आणि पुढे ऐंशी वर्षे ती चालली. एखाद्यास इस्पितळात ठेवायचे तर नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडावेत, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यावा. जो बेवारस भटकतो अथवा ज्याच्यापासून धोका वाटतो त्याला पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. म्हणजे मुरबाडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात ‘मन बिघडले’ असता त्याला भेटणारा पहिला अधिकारी पाटील वा फौजदार, दुसरा मॅजिस्ट्रेट, आणि डॉक्टर तिसरा. तोही दाखला देणारा. उपचार करणारा नव्हे. इस्पितळाच्या आत जो डॉक्टर असे तो बहुधा सर्वसाधारण वैद्यकीय सेवेतला, आज येथे तर उद्या अन्यत्र बदली होणारा. मनाचा डॉक्टर अशी वेगळी जातच तेव्हा आपल्याकडे रुजलेली नव्हती. मानसिक आरोग्याच्या व्यवसायांचा आमच्या तालुक्यांतील इतिहास असा पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. (‘ठाणे’ शब्दाचा हा आणखी एक अर्थ आम्ही मुद्दाम आणलेला नाही, तो आपणहून आला.)

१९२० साली सरकारने ‘असायलम’ हे नाव काढून ‘मेंटल हॉस्पिटल’ केले. मराठीने त्याची दखल घेतली नाही. ‘वेड्यांचं इस्पितळ’चे फार तर ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ झाले. ‘मनोरुग्णालय’ हा शब्द पाटीवर आहे, वृत्तपत्रात आहे, एसटीतल्या संभाषणात अजूनही क्वचितच ऐकू येतो. नाव बदलल्याने आत काय बदलले, असे विचाराल तर १९४६ च्या भोर समितीचा अहवाल उत्तर देतो: सुमारे चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या दहा हजारांच्या आसपास. आणि १९९९ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने देशातील ३७ सरकारी मनोरुग्णालयांचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हाही अनेक ठिकाणी इमारतींची आणि वागणुकीची घडण तुरुंगाचीच असल्याचे त्यास नोंदवावे लागले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. ही माणसे चार का? गायनातल्या घराण्यांचे उदाहरण घेतले तर उलगडा सोपा होतो. प्रत्येकाचा उगम वेगळ्या गावी, वेगळ्या गुरूकडे झाला. पुढे ती एका मैफलीत येऊन बसली, म्हणून ती एकच वाटतात.

मनोविकारतज्ज्ञाचे घराणे इस्पितळाचे. तो आधी डॉक्टर असतो, एम.बी.बी.एस. झालेला, आणि मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर पदवी वा पदविका घेतलेला. औषध लिहिण्याचा अधिकार या चौघांत प्रामुख्याने त्याचाच. आपल्याकडे हे घराणे चार भिंतींबाहेर पडले ते सर्वसाधारण रुग्णालयांतून: कलकत्त्यास १९३३ साली आर. जी. कर रुग्णालयात, आणि मुंबईस १९३८ साली जे. जे. रुग्णालयात मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. या घटनेचे महत्त्व आम्हांस त्या आत्याच्या निमित्ताने कळले. ज्या दारातून खोकल्याचा रोगी आत जातो त्याच दारातून जाता येणे, मॅजिस्ट्रेट वाटेत न लागणे, संध्याकाळी घरी परत येणे, हे सारे तेथून शक्य झाले. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन या औषधाचा मनोविकारांवरील उपयोग दिसून आला. आवाज ऐकू येणे, संशयाने पछाडणे ही लक्षणे गोळीने ओसरू शकतात, हे त्याआधी कोणी मानले नसते. आत्यासारखीला सर्वांत आधी गरज कोणाची, तर याच माणसाची.

मानसशास्त्रज्ञाचे घराणे विद्यापीठाचे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि १९२२ साली तेथेच गिरींद्रशेखर बोस यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असतेच. मानसशास्त्रात एम.ए. झालेला प्रत्येक जण मात्र रुग्णावर उपचार करणारा नसतो, हे सहसा ठाऊक नसते. जो करतो तो चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. त्यासाठी एम.ए.नंतर रुग्णालयात देखरेखीखाली काढलेली पूर्णवेळ दोन वर्षे लागतात आणि १९९२ च्या कायद्याने स्थापलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. औषध देत नाही. मराठी वाचकाला या विद्येची ओळख दवाखान्यापेक्षा पुस्तकांतून अधिक झाली. कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत ज्या निष्ठेने आणली तिचे ऋण मोठे आहे. मात्र ती पुस्तके वाचणारा वर्ग दादर, ठाणे, पुणे येथला, किन्हवलीचा नव्हे.

तिसरे घराणे समाजकार्याचे, आणि ते अस्सल मुंबईचे. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, जी पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९३७ साली तिने बालमार्गदर्शन केंद्र उघडले. अशा केंद्राची मूळ कल्पनाच अशी की डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता या तिघांनी एका मुलाकडे एकत्र पाहायचे. मनोविकार-समाजकार्यकर्त्याचे काम घरात असते. बाईला औषध चालू झाले, पण सासर तिला परत घेत नाही. नवऱ्याने दुसरे लग्न केले. रेशनकार्डावर नाव नाही. अपंगत्वाचा दाखला हवा. हे प्रश्न गोळीने सुटत नाहीत आणि चाचणीतही दिसत नाहीत. आमच्या मते खेड्यात सर्वांत निकडीचा माणूस हाच, आणि मराठीत त्यालाच धड नाव नाही. ‘मनोसामाजिक कार्यकर्ता’ असे कोणी म्हणतात. गावात त्याला ‘सोशल वर्करवाले सर’ म्हणतात.

चौथी परिचारिका. तिच्याविषयी लिहिणारे थोडे, तरी रुग्णाशी दिवसाचे सर्वाधिक तास तिचेच. बंगळुरास १९५४ साली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली (तीच पुढे ‘निमहॅन्स’ झाली). तेथे डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ यांच्या पाठोपाठ परिचारिकांचाही वेगळा अभ्यासक्रम सुरू झाला. एका छपराखाली ही घराणी वाढवण्याचा तो देशातला पहिला मोठा प्रयत्न म्हणावा लागेल.

आणि मराठी? मराठीने या सर्वांवर ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हे एकच पांघरूण घातले. मानसोपचार म्हणजे मनावरील उपचार. तो करणारा तज्ज्ञ. मग गोळी देणारा आणि बोलणारा यांत फरक कशाला? वर्तमानपत्रे आजही दोघांना हाच शब्द लावतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यासारखे मनोविकारतज्ज्ञ नाटके आणि पुस्तके लिहितात, डॉ. मोहन आगाशे मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते, तरीही महाराष्ट्र त्यांना ‘घाशीराम’मधला नाना फडणवीस म्हणूनच ओळखतो, तेव्हा व्यवसायाच्या सीमा आपल्याकडे मुळातच सैल, असेही कोणी म्हणेल. सुशिक्षित शहरी माणसाला ही सैल भाषा परवडते, कारण चुकीच्या दारात गेला तरी तेथून त्याला बरोबर दाराकडे पाठवले जाते, आणि दुसरे दार रिक्षाच्या अंतरावर असते. टोकावड्याहून कल्याणला येण्यात एक रोज बुडतो. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूर तालुक्यात वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा अशी मध्य रेल्वेची स्थानके आहेत. पण डोळखांबच्या आतल्या पाड्यांना त्या स्थानकापर्यंत पोहोचणे हाच अर्धा प्रवास. बोलून उपचार करणाऱ्याकडे औषध मागायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला, की पुन्हा निघत नाही.

‘समुपदेशक’ या शब्दाची कथा आणखी निराळी. या विद्येतील एक मोठे आचार्य कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात सांगितले ते असे की समोरच्याला उपदेश करू नये, त्याचे ऐकावे. आम्ही मराठीत त्यासाठी जो शब्द घडवला त्याच्या पोटातच उपदेश ठेवला! संस्कृत उपसर्गाने तो ‘सम्’ झाला, एवढेच. ग्रामीण भागात हा शब्द मनोविकारांच्या वाटेने आलाच नाही. तो आला एड्सच्या वाटेने. एच.आय.व्ही.ची तपासणी करण्यापूर्वी आणि नंतर रुग्णाशी बोलणारा ‘कौन्सिलर’ सरकारी रुग्णालयांत नेमला गेला, तेव्हापासून खेड्यात समुपदेशकाच्या खोलीबाहेर बसणे हीच एक बदनामी झाली. (शहरात कौन्सिलर म्हणजे नगरसेवक. एका वृद्धाने आपली तक्रार गटारीची असल्याचे तेथे सांगितल्याचा किस्सा आम्ही ऐकला आहे. खरा-खोटा देव जाणे.) कायद्याच्या दृष्टीनेही समुपदेशक दीर्घकाळ कोठेच नव्हता. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारतज्ज्ञाची व्याख्या केली, मानसशास्त्रज्ञाची केली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मनोविकार-परिचारिका, मनोविकार-समाजकार्यकर्ता या तिघांनाही व्याख्येत आणले, इतकेच नव्हे तर आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या पद्धतींतील मनोविकारांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ म्हटले. समुपदेशक त्यातही नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने त्याच्यासाठी परिशिष्टात जागा केली. तोवर, आणि व्यवहारात अजूनही, दारावर ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावणाऱ्याने काय शिकले आहे, हे गिऱ्हाइकानेच विचारून घ्यायचे.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, “मग भगत कुठल्या घराण्याचा?”

प्रश्न खोचक नव्हता. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर भगत हा या सर्व व्यवसायांहून जुना आहे. तो बोलावल्यावर घरी येतो. रात्री येतो. तुमची बोली बोलतो. तांदळाचे दाणे टाकून पाहतो, आणि जे सांगतो ते रोग्याला एकट्याला नव्हे, सगळ्या घराला ऐकू जाईल असे सांगतो. ‘बाधा आहे’ म्हटल्याने माणूस वेडा ठरत नाही. बाधा बाहेरून आलेली असते, ती निघून जाऊ शकते. ठाण्याचा शिक्का आयुष्यभर राहतो. कुटुंबाने आधी भगताला बोलावले तर त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे आम्हांस जमत नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तर ते जमूच नये. ज्या भाषेच्या आद्य गद्यात ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकांना वेडेही वाटतात आणि त्याच लोकांचे आई-बापही असतात, जिच्या संतांनी ‘पिसे’ हा शब्द भक्तीच्या परमावस्थेसाठी वापरला, तिच्यात वेड ही केवळ व्याधी कधीच नव्हती. व्हीडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिराचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. मानसिक आजाराच्या माणसाला घेऊन त्याची आई वा बायको तेथे येऊन राहते, आणि अंगात येते ते बहुधा रोग्याच्या नव्हे, त्या बाईच्या. घरच्याचे दुखणे ती आपल्यावर ओढून घेते. या अभ्यासात आम्हांस एक पाचवा व्यवसाय दिसला, बिनपगारी, बिनपदवीचा. आणि तो करणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी घरातली स्त्री असते. चौघा तज्ज्ञांपैकी कोणीही तिच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

तथापि भगताविषयीची आमची सहानुभूती एका जागी थांबते, आणि ती जागा स्पष्ट सांगितली पाहिजे. मनोविकारतज्ज्ञाच्या निदानात रोगाचे नाव असते. भगताच्या निदानात पुष्कळदा शेजारणीचे असते. कोणी केले, कोणाची नजर, कोणाची करणी, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही. या पट्ट्यात त्यासाठी शब्द आहे, ‘भुताळी’. भुताळी ठरलेल्या बाईचे, विशेषतः विधवेचे, पुढे काय होते हे येथे लिहिण्याची गरज नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तरीही २०२४ च्या मार्चमध्ये मुरबाड तालुक्यातच एका वृद्धाला करणीच्या संशयावरून पेटत्या निखाऱ्यांवर नाचवल्याची बातमी आली. कोणाच्या घरी कोणते दुखणे होते, ज्यासाठी हा गुन्हेगार शोधला गेला, ते बातमीत नव्हते. काहीतरी दुखणे असणार. वेळेवर योग्य माणूस भेटला असता तर त्या दुखण्याला नाव मिळाले असते आणि म्हाताऱ्याचे पाय वाचले असते, असे आम्हांस वाटते. मनाच्या तज्ज्ञांतील भेद समजून घेणे ही केवळ माहितीची बाब राहत नाही ती येथे.

योग्य माणूस भेटण्याची सरकारी योजना कागदावर जुनी आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागून साखळीने बांधलेली मनोरुग्ण माणसे जागीच जळून मेली, तेव्हा कोठे या योजनेकडे साऱ्या देशाचे लक्ष गेले. योजनेची कल्पना चांगली आहे: मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका यांचा जिल्ह्याचा एक चमू असावा आणि त्याने ठरल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात जावे. ज्या घराण्यांना जन्मायला कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर लागले ती एका जीपमध्ये बसून येतात, असे हे दृश्य. प्रत्यक्षात एखादे पद रिकामे असते, आणि मग जो येतो त्याने चौघांचे काम करायचे. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ पुरता पडत नाही. तेव्हा दोष कोणा एकाला देण्यात अर्थ नाही.

तालुक्याचे स्वतःचे पंचांगही असते. दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरची कातकरी, ठाकर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मनोविकारावरील औषध महिन्याचे मिळते. भट्टीवर ते संपले, की लक्षणे परत येतात. गावी आल्यावर लोक म्हणतात, डॉक्टरच्या गोळीने काही झाले नाही, मूळ कारण वेगळे आहे. मग तांदूळ टाकले जातात. हे चक्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. आशाताईंना विचारले तर त्या पाच मिनिटांत सांगतात.

म्हणूनच अलीकडच्या दोन प्रयोगांकडे आम्ही आशेने पाहतो. गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, थोड्या प्रशिक्षणाच्या माणसांकरवी औदासीन्य आणि चिंता यांवर मदत देऊन पाहिली. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले आणि सरकारी केंद्रांपुरते तरी ते उत्साहवर्धक होते. दुसरा प्रयोग कसारा घाट चढून गेले की पलीकडच्या जिल्ह्यातला. नाशिक जिल्ह्यातील गावांत २०१३ ते २०१५ या काळात पुण्याच्या एका विधी महाविद्यालयाशी संलग्न केंद्राने ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम चालवला. गावातलीच विश्वासाची माणसे निवडायची, ऐकावे कसे हे त्यांना शिकवायचे, आणि कोणते दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे हे ओळखून पुढे पाठवायला शिकवायचे. नावाची निवडही आम्हांस आवडली. त्यात तज्ज्ञ नाही, विकार नाही, आणि उपदेश तर नाहीच.

मुरबाडच्या दक्षिणेस कर्जत. एकेकाळी तेही ठाणे जिल्ह्यातच होते. तेथे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र २००६ पासून आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरे करून, त्यांचे घर शोधून पोचवायचे हे त्यांचे काम, ज्यासाठी डॉ. भरत यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९१२ च्या कायद्याने ज्याला पोलिसांच्या हवाली केले होते तोच हा भटका माणूस. येथे त्याला न्यायला मनोविकारतज्ज्ञ आणि समाजकार्यकर्ता एकत्र जातात, आणि परत घरी सोडायलाही.

आत्याचे काय झाले, हे वाचक विचारतील. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर येतात त्या वारी तिला नेले. गोळ्या चालू आहेत, झोप लागते, भाकरी ती आता स्वतःच थापते. भगताचा दोराही मनगटात आहे. डॉक्टरांनी तो काढायला सांगितला नाही, हे त्यांचे शहाणपण. मध्यंतरी एकदा तपासणीसाठी ठाण्याला जा, असे चिठ्ठीवर लिहून मिळाले, तेव्हा घरात दोन दिवस कोणी बोलले नाही. अखेर गेले. गावात सांगितले, कल्याणला डोळे दाखवायला नेले आहे.

गंमत अशी की जिल्ह्याचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय नव्या इमारतीच्या बांधकामासाठी मध्यंतरी तात्पुरते हलवले गेले, ते त्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. त्या काळात बाळंतीण, हाड मोडलेला, विंचू चावलेला, जो कोणी जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवला जाई, तो त्याच आवारात शिरे. आमच्या विद्यार्थ्याचे चुलते, ज्यांनी भगत आणला होता तेच, भाताच्या खळ्यावर पाय मोडून तेथे दहा दिवस राहून आले. परतल्यावर त्यांनी साऱ्या गावाला मोठ्याने सांगितले, “ठाण्याला होतो.”